वाचकांचे प्रश्न : मचाणावरचा शिकारी आणि त्याचा हार्नेस

प्रश्न : माझे यजमान परवाना घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. झाडाला बांधलेल्या, जमिनीपासून सुमारे वीस फूट उंचीवरच्या मचाणावर ते पहाटेपासून बसतात. मी हार्नेसचा, म्हणजे पडताना अडवणाऱ्या, अंगभर बांधायच्या पट्ट्यांचा, विषय काढला की, ‘बारा वर्षांत एकदाही पडलो नाही, आणि वर जाऊन बसलो की कमरेला पट्टा बांधतोच,’ असे सांगून ते विषय मिटवतात. कमरेचा पट्टा पुरेसा असतो का?

उत्तर : पुरेसा नसतो. शिवाय तो कोणत्या क्षणी बांधला जातो, ही गोष्ट मला पट्ट्याच्या प्रकारापेक्षाही अधिक चिंतेची वाटते. मचाणावरून होणारे बरेचसे अपघात माणूस स्वस्थ बसलेला असताना होत नाहीत. ते चढताना, उतरताना आणि विशेषतः शिडीवरून मचाणाच्या फळीवर पाऊल टाकताना होतात. ते एक पाऊल डोळ्यांसमोर आणून पाहावे. पहाटेचा अंधार असतो, अंगावर जाड कपडे असतात, बुटांच्या तळाला चिखल लागलेला असतो, एक हात शिडीच्या शेवटच्या पायरीवरून सुटलेला असतो आणि दुसरा झाडाचे खोड चाचपत असतो. त्याच वेळी संपूर्ण शरीराचा भार दवाने ओल्या झालेल्या फळीच्या एका कडेवर येतो. मचाणाचा पट्टा उन्हापावसाने थोडा जरी सैल झालेला असला, तरी फळी नेमकी याच क्षणी कलते. आपल्या यजमानांचा कमरपट्टा त्या वेळी बांधलेलाच नसतो. बारा वर्षांत पडलो नाही हे त्यांचे म्हणणे खरे असेलही, परंतु त्यावरून पुढच्या पावलाखालची फळी कशी आहे, हे काही कळत नाही.

वीस फूट म्हणजे साधारण सहा मीटर. एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस सुमारे 1.1 सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी 39 किलोमीटरच्या आसपास असतो. ‘फांदी पकडीन’ असे म्हणणाऱ्याने हा अवधी लक्षात घ्यावा.

आता कमरपट्ट्याविषयी. पडणाऱ्या माणसाला पट्ट्याने अडवले की सगळा हिसका पोटावर बसतो, माणूस मध्येच दुमडून डोके व पाय खाली अशा अवस्थेत लोंबकळतो, किंवा पट्टा सरकत बरगड्यांवर येऊन छाती आवळतो. अशा स्थितीत श्वास घेणे कठीण होते, आणि पट्टा सैल असेल तर माणूस त्यातून निसटूही शकतो. पूर्ण शरीराच्या हार्नेसला खांद्यांवरचे, छातीवरचे आणि दोन्ही मांड्यांभोवतीचे पट्टे असतात, व झाडाकडे जाणारा दोर पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये जोडलेला असतो. त्यामुळे माणूस उभट स्थितीत राहतो आणि बराचसा भार मांड्यांवर जातो. मांड्यांचे पट्टे टोचतात म्हणून ते न लावता नुसते खांद्यांचे पट्टे अडकवणारेही दिसतात. त्यांनी हार्नेस घरीच ठेवला तरी फारसे बिघडणार नाही.

यजमानांना हार्नेसच्या जोडीला एक जीवनदोर घेण्यास सांगावे. हा दोर मचाणाच्या वर खोडाला पक्का बांधून थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत सोडलेला असतो. त्यावर प्रुसिक गाठ असते आणि त्या गाठीला कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीने, हार्नेस जोडतात. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये प्रसिद्ध केलेली ही गाठ मोठी युक्तीची आहे : हाताने धरून सरकवली तर ती दोरावर वरखाली सरकते, परंतु तिच्यावर एकदम भार आला की दोराला घट्ट आवळून बसते. जमिनीवर उभे असतानाच कडी अडकवावी आणि परत जमिनीवर पाय टेकल्यावरच काढावी, म्हणजे मधला एकही क्षण मोकळा जात नाही. चढताना हात रिकामे हवेत. बंदूक गोळ्या काढून, तिची नळी आपल्याकडे येणार नाही अशा बेताने, वेगळ्या दोरीने नंतर वर ओढून घ्यावी, धनुष्यबाणाचेही तसेच.

प्रश्न : हार्नेसपासून झाडापर्यंतचा दोर किती ढिला ठेवावा? तो आखूड असला की मागे वळून पाहता येत नाही, म्हणून मी चार-पाच फूट मोकळा ठेवतो.

उत्तर : हा मोकळेपणा महागात पडेल. खोडाभोवतीचा पट्टा डोक्याच्या वर बांधावा आणि बसलेल्या स्थितीत दोर जवळजवळ ताणलेला असावा. त्यामागचे गणित सोपे आहे. दोर ताणला जाण्यापूर्वी शरीर जेवढे अंतर खाली येते, त्या प्रमाणात हिसक्यात जिरवावी लागणारी ऊर्जा वाढते. म्हणजे 30 सेंटीमीटरऐवजी दीड मीटर पडू दिले तर ती पाचपट होते. दुसरी अडचण हिसक्यानंतरची आहे. वीतभर खाली गेलेला माणूस फळीवर पुन्हा पाय टेकवू शकतो, पण पाच फूट खाली लोंबणाऱ्याच्या हाताला फळीही लागत नाही आणि शिडीही. वळण्याची अडचण खरी आहे, परंतु तिचा उपाय दोर लांबवणे हा नव्हे. बसल्या जागी दोर डोक्यावरून एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे घ्यायची सवय केली की दोन्ही बाजूंना पुरेसे वळता येते.

प्रश्न : हार्नेसने वाचवले, पण खाली उतरता येत नाही, अशी वेळ आली तर काय करावे? लटकून राहिल्यानेही माणूस दगावतो असे ऐकले, ते खरे आहे का?

उत्तर : होय, तो धोका खरा आहे. एरवी उभे असताना आपण नकळत पाय हलवत असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त वर ढकलत असतात. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळताना हे काम थांबते, त्यातच मांड्यांचे पट्टे शिरा दाबतात आणि रक्त पायांत साचू लागते. काही मिनिटांतच चक्कर, मळमळ, घाम अशी लक्षणे सुरू होऊ शकतात. माणूस बेशुद्ध पडला आणि तसाच लटकत राहिला तर अर्ध्या तासाच्या आतही प्राणावर बेतू शकते.

यासाठी बऱ्याच हार्नेससोबत एक लहानसा पायपट्टा मिळतो. त्याचा फास करून त्यात पाऊल अडकवायचे आणि त्यावर उभे राहायचे, म्हणजे मांड्यांवरचा भार कमी होतो. पाय आलटून पालटून ताणत राहायचे. वाचायला हे सोपे वाटते. मी एकदा एका मित्राला शेजारी उभे करून, पाय जमिनीपासून जेमतेम हातभर वर राहतील असा, स्वतः लटकून पाहिलो. मांड्यांचे पट्टे इतके रुतले की पहिले दोन मिनिट दुसरे काही सुचेना. पायपट्टा कोटाच्या आतल्या खिशात होता, कोटावर हार्नेसचे पट्टे आवळलेले होते आणि हातमोजे घातलेल्या बोटांना त्या खिशाची चेनसुद्धा सापडेना. मित्राने पायांखाली स्टूल सरकवले म्हणून सुटलो. तेव्हापासून तो पट्टा हार्नेसच्या बाहेरच्या बाजूला, दोन्ही हातांना पोहोचेल असा अडकवलेला असतो. मोबाईल आणि शिट्टीही अंगावरच हवी. पिशवीत ठेवून वर खुंटीला टांगलेला मोबाईल लटकणाऱ्याच्या काय कामाचा? कोणत्या झाडावर बसणार आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघावे. सुटका करणाऱ्याने माणसाला खाली उतरवून आडवे निजवावे, श्वासाकडे लक्ष ठेवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. अशा माणसाला बसवूनच ठेवावे असा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो, त्याला वैद्यकीय पुराव्याचा आधार नाही.

प्रश्न : मोठ्या बंधूंनी त्यांचा सात-आठ वर्षांपूर्वीचा हार्नेस मला दिला आहे. दिसायला तो नव्यासारखा आहे. वापरू का?

उत्तर : वापरू नये. हार्नेसच्या आतल्या लेबलावर निर्मितीची तारीख आणि वजनाची मर्यादा छापलेली असते. मचाण बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार निर्मितीपासून पाच वर्षांनी हार्नेस बाद करायचा असतो. त्याने एकदा जरी कोणाला पडताना अडवले असेल, तरी तो वयाचा विचार न करता लगेच बाद करावा, कारण शिवणीने किती ताण सोसला ते डोळ्यांना दिसत नाही. मर्यादा बहुधा 300 पौंड, म्हणजे 136 किलो असते आणि त्यात कपडे, बूट, शस्त्र व पिशवी हे सगळे मोजायचे असते. बंधूंना वाईट वाटू नये म्हणून हार्नेस अवश्य स्वीकारावा, आणि तो कोणी चुकून वापरू नये यासाठी घरी नेल्यावर त्याचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत.