अकरा बरोबर, तरी सव्वासात

प्रश्न : सर, मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. मराठी माध्यम, बी.कॉम., वय 25. दोन वर्षं पुण्यात राहून एमपीएससी केली, गट-क ची पूर्व एकदा निघाली, पुढे काही झालं नाही. आता बँकेच्या क्लार्क परीक्षांची तयारी करतोय. रोज तीन तास इंग्रजीच्या शब्दयाद्या आणि दोन तास मार्केटिंग वाचतो. तरी मॉक टेस्टमध्ये इंग्रजीचे 30 पैकी 26 प्रश्न सोडवून 7.25 मार्क आले. मामा म्हणतात, क्लार्क कशाला, एमबीए मार्केटिंग कर, थेट ऑफिसर होशील. वडील आठवडी बाजारात तयार कपडे विकतात, मोठी फी झेपणार नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा आणि मॉकचा फोटो जोडला आहे.

उत्तर :

आधी त्या पुस्तकाबद्दल. अनुक्रमणिका पाहिली आणि जुने दिवस आठवले. स्टेट बँकेच्या क्लार्क परीक्षेत एके काळी कॉम्प्युटरच्या जोडीला 'मार्केटिंग ॲप्टिट्यूड' असायचं, त्या काळातलं हे पुस्तक आहे. आज स्टेट बँकेच्या क्लार्कला मार्केटिंगचा विभाग नाही आणि बाकीच्या सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कलाही नाही. म्हणजे रोजचे दोन तास तू अशा विषयाला देतोयस जो तुझ्या पेपरातच नाही. तुझा दोष निम्माच. सेकंड हँड पुस्तकांच्या दुकानात मुखपृष्ठावर 'बँक' दिसलं की पुस्तक पिशवीत जातं, आणि जाहिरातीची पीडीएफ मात्र कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. ती पीडीएफ प्रिंट करून भिंतीला लाव. क्लासवाल्याने, मामाने किंवा मी काहीही सांगितलं तरी आधी तिथे ताडून बघ.

आता सव्वासात मार्कांचं प्रकरण. तुझा मॉक मी एकेक प्रश्न करून तपासला. 26 सोडवलेस, 11 बरोबर, 15 चूक. प्रत्येक चुकीला पाव मार्क जातो, म्हणजे पावणेचार गेले. अकरातून ते वजा केले की सव्वासात. ते 15 कसे चुकले हे तू पाहिलेलं दिसत नाहीस, कारण पाहिलं असतंस तर शब्दयाद्यांना तीन तास दिले नसतेस. पंधरातले पाच उताऱ्यावरचे होते. उतारा न वाचता शेवटच्या मिनिटात टिकमार्क केलेले, हे उत्तरं पाहूनच कळतं, पाचही ठिकाणी 'सी'. शब्दांचे म्हणावेत असे फक्त चार. त्यातला 'कॅन्डिड' तुझ्या यादीत आहे, अर्थही लिहिलेला आहे, पण वाक्यातल्या रिकाम्या जागेत तोच शब्द बसतो हे ओळखू आलं नाही. उरलेले सहा वाक्यातली चूक ओळखण्याचे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते हेच.

ते सहा नीट बघ. 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' यात तुला चूक दिसली नाही. दिसणार कशी? आपण प्रश्ना'विषयी' चर्चा करतो, म्हणून 'अबाउट' हवाच असं डोकं सांगतं. इंग्रजीत 'डिस्कस' पुरतो, 'अबाउट' लागत नाही. 'वन ऑफ माय फ्रेंड' तू बरोबर धरलंस, कारण मराठीत 'माझा एक मित्र' एकवचनीच असतो. इंग्रजीत अनेक मित्रांपैकी एक, म्हणून 'फ्रेंड्स'. 'पाच वर्षांपासून' तोंडात बसलंय म्हणून 'सिन्स फाइव्ह इयर्स' खटकलं नाही. तिथे 'फॉर' हवं. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' चाललं, खरं तर 'मॅरीड टू'. राहिलेले दोन 'अ, ॲन, द' चे, जे आपल्या भाषेत नाहीतच.

म्हणजे तुझं इंग्रजी सरसकट कच्चं नाही. तू मराठीत विचार करून इंग्रजीवर शिक्का मारतोस आणि पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. अशा चुका अगणित नसतात. माझ्या अनुभवात शंभर-सव्वाशे प्रकारांत बहुतेक येतात. शंभर पानी वही घे. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर सुधारलेलं, आणि खाली एका ओळीत तुझ्या मराठीने तुला कुठे फसवलं ते. व्याकरणाच्या नियमांची नावं लिहिली नाहीस तरी चालेल. ही वही दुकानात मिळत नाही. मित्राची झेरॉक्स काढून आणलीस तर निम्मा फायदा गेला, कारण त्याच्या चुका वेगळ्या असतात.

वाचनाचं एकच सांगतो. सकाळी मराठी पेपरात जी बातमी नीट वाचलीस, तीच बातमी इंग्रजी पेपरात शोधून वाच. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असो, अर्थसंकल्प असो की क्रिकेटची मॅच, मजकूर आधीच कळलेला असतो, त्यामुळे अनोळखी शब्द संदर्भाने उलगडतो. रोज दोन बातम्या, डिक्शनरी शेवटी. यादीत पाठ केलेला शब्द परीक्षेत ओळख देत नाही, बातमीत चार वेळा भेटलेला देतो. तीन तासांची यादी आता वीस मिनिटांवर आण.

अंदाजाने टिकमार्क करण्याचाही हिशेब करून ठेव. बँकेच्या पेपरात साधारणपणे पाच पर्याय असतात. डोळे मिटून पाच प्रश्न ठोकले तर सरासरीने एक बरोबर, चार चूक; एक आला, एक गेला, हाती शून्य. तुझे पाचही चुकले म्हणून सव्वा मार्क गेला. पण दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या तिनांत ठोकणं फायद्याचं. तीन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, दोन चूक, म्हणजे अर्धा मार्क पदरात. एमपीएससीच्या मुलांना 'सगळा पेपर सोडवून यायचं' अशी सवय असते. इंग्रजीला 20 मिनिटांत 30 प्रश्न, एकाला 40 सेकंद. उतारा सोडायचा असेल तर सोड, पण ते दुसऱ्या मिनिटाला ठरव, एकोणिसाव्या नाही.

आता कुठला फॉर्म भरायचा. आयबीपीएस क्लार्कच्या पूर्व परीक्षेत प्रत्येक विभागाचा वेगळा कट-ऑफ असतो. गणित आणि बुद्धिमत्ता कितीही भारी गेली तरी इंग्रजीत अडकलास की बाहेर. स्टेट बँकेच्या क्लार्कला असा विभागवार कट-ऑफ ठेवत नाहीत, एकूण बेरीज बघतात. तुझ्यासारख्याला हा फरक फार मोठा आहे. तिसरा रस्ता ग्रामीण बँकेचा, आणि मराठवाड्यातली मुलं तो का विसरतात हे मला अजून कळलेलं नाही. ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंटच्या, म्हणजे तिथल्या क्लार्कच्या, पूर्व परीक्षेत इंग्रजी नसतंच. बुद्धिमत्ता 40, गणित 40, वेळ 45 मिनिटं. मुख्य परीक्षेत इंग्रजी किंवा हिंदी यांपैकी एक निवडता येतं. 1 मे 2025 पासून आपल्या राज्यातल्या दोन्ही ग्रामीण बँका एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे आणि तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, तुझ्या घरापासून फार लांब नाही. हिंदी घेणार असशील तर मात्र 'हिंदी तर येतेच' या भ्रमात राहू नको. हिंदीत 'आत्मा' स्त्रीलिंगी आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. मराठी पोराची तिथेही विकेट पडते.

क्लार्कची पूर्व आणि मुख्य मराठीतून देता येते, इंग्रजीचा विभाग तेवढा इंग्रजीतच. केंद्राने 2021 मध्ये हे मार्गी लावलं. तुझं गणिताचं शब्दांकन मराठीत पक्कं असेल तर मराठी पर्याय घे, उगाच लाजू नको. दुसऱ्या राज्यात जागा जास्त दिसल्या म्हणून तिकडून फॉर्म भरणारे दरवर्षी भेटतात. क्लार्कला त्या राज्याची भाषा यावी लागते. अगदी शेजारच्या गोव्यात जायचं म्हटलं तरी कोकणी विचारतील.

कागदपत्रांबद्दल तू लिहिलं नाहीस, तरी सांगून ठेवतो. एमपीएससीसाठी काढलेले दाखले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. ओबीसी असशील तर नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या भरतीतला एसईबीसीचा रकाना बँकेच्या फॉर्मवर नसतो. ईडब्ल्यूएस दाखलाही केंद्राच्या नमुन्यात, चालू वर्षाचा. तहसीलमध्ये आत्ताच चौकशी कर. जाहिरात आल्यावर तिथे रांग लागते. वयाचंही बघ. क्लार्कला खुल्या गटात 28 पर्यंत, ओबीसीला तीन वर्षं सूट, एससी-एसटीला पाच. खुल्या गटातला असशील तर हातात तीनच वर्षं धर.

मामांचं म्हणणं. त्यांचा हेतू चांगला आहे, माहिती अर्धी आहे. आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत मार्केटिंग ऑफिसरचं पद आहे, हे खरं. त्याला पदवीनंतर मार्केटिंग घेऊन दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए किंवा तत्सम पदविका लागते, आणि त्याच्या मुख्य परीक्षेत मार्केटिंगचेच 60 प्रश्न असतात. पण क्लार्कच्या जागा हजारांत निघतात, या पदाच्या शेकड्यांत. ते पद स्केल एकचं, म्हणजे ऑफिसरच्या पहिल्या पायरीचं, आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) हेही स्केल एकचंच. पीओला लागते फक्त पदवी, जी तुझ्याकडे आहे. पीओचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही, आणि इंग्रजीत लिहावंही लागतं, म्हणून पहिल्या वर्षी मी तुला त्यात ढकलणार नाही. पण 'ऑफिसर व्हायचं तर एमबीए' हे समीकरण डोक्यातून काढ. एमबीए करायचंच असेल तर खासगी नोकरीचा रस्ताही डोळ्यांसमोर ठेवून, सीईटी देऊन, परवडणाऱ्या कॉलेजात कर. एका परीक्षेच्या आशेवर वडिलांना कर्जात घालू नको.

एवढं सगळं सांगूनही ते मार्केटिंगचं पुस्तक रद्दीत टाक असं मी म्हणत नाही. स्टेट बँकेच्या क्लार्कचं अधिकृत पदनाम 'ज्युनिअर असोसिएट, कस्टमर सपोर्ट अँड सेल्स' असं आहे. सेल्स नावातच आहे. मी ज्या शाखेत होतो तिथली 2015-16 ची गोष्ट. प्रधानमंत्री सुरक्षा विमा नवा होता, हप्ता वर्षाला 12 रुपये, आता 20 झालाय. वरून टार्गेट आलं, आम्ही भराभर सह्या घेतल्या. पुढच्या जूनमध्ये एक मावशी पासबुक आपटत काउंटरवर आल्या, "माझे बारा रुपये कुणी खाल्ले?" काउंटरवरचा मुलगा नवा, परीक्षेत वरच्या नंबरात आलेला, आणि त्याला दोन वाक्यांत सांगता येईना की अपघाताने मरण आलं तर घरच्यांना दोन लाख मिळतात. फॉर्म भरून घेताना आम्हीही कुठे सांगितलं होतं? शेवटी शिपायाने समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि जाताना सुनेचाही फॉर्म नेला. खातेदाराला जोडीने असा विमा विकणं, यालाच तुझ्या पुस्तकात 'क्रॉस सेलिंग' म्हटलंय आणि पाठ करण्यापुरती व्याख्या दिली आहे.

ही बाजू तुला जमते का, हे तुला स्वतःलाच ठाऊक असेल. बाजारात वडील गिऱ्हाईकाला एक शर्ट दाखवता दाखवता दुसरा कसा काढतात, भाव कुठे सोडतात, उधारी कुणाला देतात, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. गिऱ्हाईकाशी बोलायला तुला आवडत असेल, तर एलआयसीच्या एडीओ (अप्रेंटिस डेव्हलपमेंट ऑफिसर) पदाची जाहिरात निघेल तेव्हा जरूर बघ. तिथे पदवी चालते आणि मुख्य परीक्षेत विमा व आर्थिक मार्केटिंगचा भाग खरोखर असतो, तेव्हा ते पुस्तक काढ. नोकरी मात्र खुर्चीतली नाही. एजंट जोडायचे, त्यांना कामाला लावायचं, धंद्याचं टार्गेट गाठायचं. माझ्या ओळखीतले दोघं त्यात रमलेत, एक वर्षात सोडून आला. बाजारात बसायची तुला लाज वाटत असेल तर त्या वाटेला जाऊ नको.

सध्या एवढंच कर. मार्केटिंगचे दोन तास गणिताला दे, पेपराची बेरीज तिथे वाढते. आठवड्याला एक मॉक दे आणि त्याला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तो तपासायला ठेव. तीन मॉक झाले की मला मार्क कळवू नकोस. वहीची ती डावी-उजवी पानं पाठव, मग ग्रामीण बँकेला इंग्रजी घ्यायचं की हिंदी ते ठरवू.