त्या गावाच्या वेशी

"ताई, ते स्वर्गात पोचले असतील का?"

अहिल्यानगर भागातल्या ख्रिस्ती घरांमधून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो दारातूनच ओळखू येतो. कुणाचा मुलगा बाप्तिस्म्याआधी गेलेला असतो, कुणाचा भाऊ वर्षानुवर्षं उपासनेला न गेलेला. त्यातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मावशींचे यजमान दारू प्यायचे. एका रात्री रस्त्यावर अपघात झाला आणि गेले. शेवटचं प्रभुभोजन नाही, प्रार्थना नाही. दोन वर्षं झाली तरी कबरीच्या दगडावर नाव कोरलेलं नव्हतं. "नावाआधी 'ख्रिस्तवासी' लिहायचं कसं? खोटं ठरलं तर?"

पाळकांनी समजावलं होतं, नणंदेने 'ते सुखात आहेत' म्हणून पाठीवर हात फिरवला होता. उपयोग शून्य. माझा अनुभव असा, की दुःखातल्या माणसाला उत्तर देण्याची घाई बहुधा उत्तर देणाऱ्यालाच असते. मी एवढंच विचारलं, "मावशी, स्वर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं?"

त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "खिडकी. आत बाबू, पुढ्यात वही."

यजमानांच्या पेन्शनसाठी वर्षभर त्यांनी अशाच एका खिडकीशी हेलपाटे घातले होते. पण मला वाटतं, ती वही त्याहून जुनी आहे. मराठी कानाला 'स्वर्ग' म्हटलं की पुण्याचा हिशेब ऐकू येतो. गीतेच्या नवव्या अध्यायातही पुण्य सरलं की स्वर्गातून परतावं लागतं. बायबल मराठीत आलं तेव्हा हा तयार शब्द मिळाला, आणि शब्दाच्या पदराला बांधलेली वहीही आली. मूळ हिब्रू 'शामायिम' काय, ग्रीक 'उरानोस' काय, साधं आकाशही त्याच शब्दात येतं. येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांपैकी मार्क आणि लूक जिथे 'देवाचं राज्य' म्हणतात, तिथे मत्तय बहुतेकदा 'स्वर्गाचं राज्य' म्हणतो. म्हणजे जागेपेक्षा तिथे कुणाचं चालतं, हे महत्त्वाचं. (हे मला कळायलाही बरीच वर्षं लागली.)

मावशी शास्त्र माझ्याहून जास्त वाचलेल्या. म्हणाल्या, "पण बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणात, पुस्तकं उघडतात ना? कृत्यांप्रमाणे न्याय होतो."

"होतो. विसाव्या अध्यायात आहे. तिथेच तारलेल्यांच्या नावांचं, जीवनाचं पुस्तकही आहे." मी ते पुसून टाकायला गेले नाही. गोड बोलून अवघड वचन लपवलं की माणूस पुढचं काहीच खरं मानत नाही. "पण येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या घटकेला सुखलोकाचं वचन मिळालेल्या त्या चोराच्या वहीत काय होतं, मावशी?"

त्या गप्प झाल्या. मीही. अशा वेळी मी घड्याळाकडे बघत नाही. हे जमायला मला दहा वर्षं लागली आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

पुढच्या भेटीत आम्ही एकविसावा अध्याय वाचला. त्यात माणसं वर चढत नाहीत, नगरीच देवापासून खाली उतरते. देव लोकांमध्ये राहायला येतो, डोळ्यांतले अश्रू पुसतो. नगरीला बारा वेशी, आणि त्या कधी बंद होत नाहीत, कारण तिथे रात्रच नाही. या ओळीवर मावशींचं बोट थांबलं.

"त्या रात्री मी कडी काढली नव्हती," त्या म्हणाल्या. "दार वाजवत होते. मी म्हटलं, जा, उतरल्यावर या."

दोन वर्षं त्या देवाच्या दाराबद्दल विचारत होत्या. बंद दार त्यांचं स्वतःचं होतं. त्या दिवशी आम्ही स्वर्गाबद्दल एक शब्द बोललो नाही. आधीच्या किती रात्री त्यांनी कडी काढली होती, तेवढंच बोललो.

तुमच्या घरी कुणी हाच प्रश्न घेऊन बसलं असेल, तर 'पोचले असतील' असा दाखला लगेच देऊ नका. आधी विचारा, शेवटचं भेटणं कसं झालं होतं? सिद्धान्ताची शंका खरीच असेल तर पाळकांकडे न्या. पण झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे आधी.

ते यजमान कुठे आहेत, हे मी मावशींना कधीच सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. काही महिन्यांनी त्या आल्या त्या दगडावरचा मजकूर कागदावर लिहून. ऱ्हस्व-दीर्घ तपासून हवं होतं. 'ख्रिस्तवासी' लिहिलं होतं.

"बारा वेशी आहेत ताई," चष्मा पुसत म्हणाल्या. "आणि यांना रस्ता चुकायची सवयच होती."