आई-आबांच्या लग्नाची 40 वर्षं आणि 20 हजारांचं जेवण

कोल्हापूरहून एका वाचकाने विचारलंय: गोकुळ शिरगावच्या कारखान्यात नोकरी, हातात 42 हजार. तीन महिन्यांनी आई-आबांच्या लग्नाला 40 वर्षं होतायत. दोघांनी मोठ्या हॉटेलात कधी पाऊल ठेवलेलं नाही. चुलत्यांसह 14 जणांना न्यायचंय, ताट 1,200 रुपये. पैसे क्रेडिट कार्डावर टाकू की मुलीच्या शाळेसाठीची आरडी मोडू? बायको म्हणते, घरीच तांबडा-पांढरा करू.

आई-आबांना नक्की न्या. हा खर्च मी उधळपट्टीत धरत नाही. पण आरडीला हात लावायचा नाही आणि कार्डावर थकवायचं तर मुळीच नाही.

14 ताटांचे 16,800 होतात. खोलीचं भाडं दिवसाला 7,500 च्या वर असलेल्या हॉटेलांत जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे बिल 19,824. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्केच, तिथे हेच बिल 17,640. बुकिंगआधी एवढं विचाराच. आता 20 हजार कार्डावर थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, तर 700 रुपये व्याज, त्यावर जीएसटी 126. तुम्ही हजार भरलेत तरी मुद्दल फिटलं जेमतेम 174 रुपये! शिवाय बाकी थकलेली असताना त्याच कार्डावर किराणा घेतलात, तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून माणसं कमी करा. आई-आबा, तुम्ही दोघं, लेक, बहीण-दाजी आणि भाचा. सहा मोठे, दोन मुलं. मुलांना अर्धा दर मिळाला तर 18 टक्के धरूनही 9,912 रुपये. पगार झाल्या दिवशी 3,500 बाजूला काढा, तीन महिन्यांत 10,500 जमतात. चुलत्यांना मात्र वगळू नका. रविवारी गच्चीवर तांबडा-पांढरा करून त्यांना बोलवा. वहिनींचं म्हणणं तिथे अगदी बरोबर आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आबांच्या हातात मेनू कार्ड देऊ नका. त्या पिढीची नजर आधी उजवीकडच्या आकड्यांवर जाते, मग आई म्हणते, "मला भूकच नाही, एक सूप दोघांत पुरे." आदल्या दिवशी जाऊन पदार्थ ठरवून या, किंवा बुफे घ्या.

सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसं बजावलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. बिलात दिसला तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर 1915 वर तक्रार करा. वाढणाऱ्या पोराच्या हातात मात्र आपण होऊन काहीतरी ठेवा.

आणि बिल टेबलावर येऊ देऊ नका. आईस्क्रीम आलं की हात धुवायच्या निमित्ताने उठा आणि काउंटरवरच भरून टाका.