श्रीमंतांचा म्हणवला जाणारा आजार गरीब देशांना जास्त का भोवतो?

गोव्यात पेडण्याचे तुमचे काका शेतात राबणारे, अंगाने सडपातळ, वय पन्नाशीच्या आत. तरी त्यांना हार्ट अटॅक आला, मग हा खात्यापित्या घरचा आजार कसा, असं तुम्ही विचारलंय. तो समज आता सोडून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांप्रमाणे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं गेली. त्यांतली तीन चतुर्थांशांहून जास्त अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

खरी गोम पुढेच आहे. १७ देशांत झालेल्या ‘प्युअर’ या हृदयविकारांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली आले. धोक्याच्या घटकांची (बीपी, साखर, तंबाखू वगैरे) बेरीज श्रीमंत देशांत सर्वांत जास्त निघाली. तरीही अटॅक, पक्षाघातासारखं काही झाल्यावर तिथे शंभरातले साडेसहा दगावले, गरीब देशांत सतरा. म्हणजे फरक उपचारात आहे, आणि उपचार म्हणजे बायपास नव्हे. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन, बीपीची गोळी: सगळी जुनी, स्वस्त औषधं, पण रोज घ्यायची.

मी डिचोलीत औषधांच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. ‘अर्धीच स्ट्रिप द्या’ म्हणणारे किंवा बरं वाटलं म्हणून गोळी बंद करणारे रोजचेच. गोळीपेक्षा रांगेत बुडणारी मजुरी महाग पडते, हे मोठ्या डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

गोवा गरीब नाही, पण २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या अहवालात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक इथेच निघालं: २६.४ टक्के. वर खारं, लोणचं, विडी. (काका विडी ओढतात का, ते लिहिलं नाहीत.) जमेची बाजू म्हणजे ‘स्टेमी गोवा’ ही अटॅकवर तातडीने उपचार करणारी सरकारी योजना. त्यात सरकारी आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी तज्ज्ञांकडे जातो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात आणि मग पेशंट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेतात. पहिल्या काही तासांत ते इंजेक्शन सर्वांत गुणकारी. आपल्याकडे तेच तास ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिण्यात जातात. छाती जड, घाम, डाव्या हाताला कळ असेल तर १०८ लावा.

काकांच्या डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि त्यांच्या भावंडांची बीपी-साखर याच महिन्यात तपासून घ्या, तुमच्या वडिलांपासून सुरुवात करा.