इंग्लंडचे ट्यूडर घराण्यातले राजे मनमानीच करत होते, तर मग पार्लमेंट बोलवायचे कशाला?

कारण दोन कामं राजाला एकट्याने जमत नव्हती: नवा कर बसवणं आणि नवा कायदा करणं. बाकी बरंच काही तो परस्पर करू शकत होता. युद्ध, तह, व्यापाराच्या सनदा हा त्याचा स्वतःचा अखत्यार. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० साली सनद पहिल्या एलिझाबेथ राणीने दिली, आणि पुढे ट्यूडरांनंतर आलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या काळात मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने दिली ती दुसऱ्या चार्ल्सने, १६६८ मध्ये. पार्लमेंटला कुणी विचारलं नाही.

ही पार्लमेंट आपल्या लोकसभेसारखी कायम नव्हती. राजा बोलावेल तेव्हा भरायची, तो म्हणेल तेव्हा उठायची. पहिल्या एलिझाबेथच्या ४४ वर्षांत अधिवेशनं झाली १३, आणि सगळी मिळून तीन वर्षंही भरत नाहीत.

पण राजाच्या जाहीरनाम्याने कुणाचा जीव किंवा जमीन घेता येत नसे. म्हणून आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली ती १५२९ ते १५३६ च्या पार्लमेंटकडून कायदे करवून. त्यामुळे झालं असं, की त्याची मुलगी मेरी राणी झाल्यावर तिला जुना कॅथलिक धर्म परत आणायचा होता तेव्हा तिलाही ते कायदे रद्द करायला पार्लमेंटपुढेच जावं लागलं.

खरी गोम कराची आहे. मुख्य कर म्हणजे सबसिडी: जमिनीच्या उत्पन्नावर पौंडाला ४ शिलिंग, नाहीतर चीजवस्तूंवर २ शिलिंग ८ पेन्स, ज्यातून जास्त निघेल ते. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे कागदावर जमीनवाल्याचा पाचवा हिस्सा गेला. प्रत्यक्षात आकारणी करणारे गावचेच जमीनदार. शेजाऱ्याशी वैर कोण घेणार? खुद्द खजिनदार लॉर्ड बर्लीचं उत्पन्न ४,००० पौंडांच्या आसपास, आणि कराच्या वहीत १३३! महागाई वाढत होती, तरी एका सबसिडीची वसुली सुमारे १,४०,००० पौंडांवरून राणीच्या अखेरीस ८०,००० च्या घरात उतरली. मग एकावर भागेना: १५९३ मध्ये तीन मागाव्या लागल्या, १६०१ मध्ये चार. मागणं वाढलं तशी सभासदांची तक्रारीची हिंमतही वाढली. १६०१ मध्ये मक्तेदारीच्या परवान्यांवर इतका गदारोळ झाला की राणीला त्यातले काही मागे घ्यावे लागले.

पुढे स्टुअर्ट राजा पहिल्या चार्ल्सने हे गणित मोडायला पाहिलं. जकात राजाला तहहयात मंजूर करायची रीत होती. १६२५ मध्ये कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहाने, एकाच वर्षाची द्यायचं ठरवलं, तर तो मंजुरीविनाच वसूल करत राहिला. १६२९ पासून ११ वर्षं पार्लमेंट नाही. किनाऱ्यावरच्या गावांचा जहाजकर १६३५ मध्ये त्याने देशभर लावला. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने तो भरायला नकार दिला. खटल्यात १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले, पण ५ विरोधात गेल्यावर लोक बिनधास्त कर थकवू लागले. त्यातच स्कॉटलंडशी लढाई जुंपली, तिजोरीत खडखडाट, आणि १६४० मध्ये झक मारत पार्लमेंट बोलवावी लागली. तीन आठवड्यांत त्याने ती बरखास्त केली, पण त्याच वर्षी पुन्हा बोलवली. ती मात्र त्याच्याने उठवता आली नाही.

दरवर्षी भरण्याची रीत पडली ती १६८९ नंतर. तेव्हापासून पैसा थोड्या मुदतीपुरताच मंजूर व्हायला लागला.