‘बिसेल’ की ‘चाफ्लान’?

सुतारकामाचा स्पॅनिश आराखडा वाचताना ‘तिरपी कड’ या एकाच शब्दावर विसंबू नका. फळीची किंवा काचेची तिरपी उतरवलेली कड, तसेच पटाशीच्या पात्याचा उतार, यांना ‘बिसेल’ म्हणतात. लाकडाची काटकोनी धार रंध्याने छाटल्यावर जी अरुंद पट्टी दिसते ती ‘चाफ्लान’, आणि चौकटीच्या कोपऱ्यात ४५ अंशांत जुळणारा सांधा म्हणजे ‘इंग्लेते’. इमारतीचा छाटलेला कोपराही चाफ्लानच. बार्सिलोनात नगररचनाकार सेर्दा यांच्या १८५९ च्या शहरविस्ताराच्या आराखड्यातले चौक त्यामुळेच अष्टकोनी दिसतात. अर्जेंटिनात मात्र अशा कोपऱ्याला ‘ओचावा’ म्हणतात. इंग्लेतेला बिसेल समजून मी एकदा सागवानाच्या चार पट्ट्या वाया घालवल्या होत्या. तेव्हा करवत लावण्यापूर्वी कोन आकड्यांत लिहून घ्या आणि सरकत्या गुण्याने, म्हणजे ‘फाल्सा एस्क्वाद्रा’ने, तो ताडून पाहा.