सुईला परत टोपण लावायचं का?

प्रश्न: मी छोट्या दवाखान्यात नर्स आहे. इंजेक्शन झालं की सुईला टोपण लावा, सुया टाकायचा डबा गच्च भरेपर्यंत चालवा असं सीनियर सांगतात. बरोबर आहे का? आणि साधा कचरा रक्ताळलेल्या कचऱ्याच्याच पिशवीत गेला तर काय बिघडतं?

उत्तर: टोपण अजिबात नको ताई, सीनियर कितीही सांगू देत. एका हातात सुई, दुसऱ्यात टोपण आणि लक्ष पुढच्या पेशंटकडे, मग बोटातच घुसते, आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही तिन्ही त्यातून लागू शकतात. वापरली की सरळ जाड, न टोचणाऱ्या डब्यात टाका, पाऊण भरला की सील, वरून दाबून जागा करायची नाही. दवाखान्यातला साधारण ८५ टक्के कचरा तसा निरुपद्रवीच असतो, रॅपर, कागद वगैरे, पण त्यात एक रक्ताळलेला बोळा पडला की अख्खी पिशवी इन्फेक्शनवाली धरावी लागते आणि खर्च उगाच वाढतो. म्हणून जिथे कचरा होतो तिथेच वेगळा करा, नंतर पिशवी उघडून निवडत बसू नका. इन्फेक्शनवाला कचरा उन्हाळ्यात २४ तासांच्या आत उचलला गेला पाहिजे. आणि हो, पीव्हीसी प्लॅस्टिकच्या नळ्या मागच्या अंगणात जाळू नका, डायॉक्सिन नावाचं विष निघतं.